एकशेबाराव्या झाडाचा तपास

शहराच्या मधोमध एक उद्यान होतं आणि त्यात एकशेबारा झाडं होती. हा कुणाचा अंदाज नव्हता. सात वर्षांपूर्वी रीतसर वृक्षगणना झाली होती आणि 'शंभर टक्के अचूक, प्रथम क्रमांक' असं प्रमाणपत्र अधीक्षकसाहेबांच्या खुर्चीमागे, त्यांच्या डोक्याच्या बरोब्बर वर, काचेच्या चौकटीत लटकत होतं. त्या काचेवर रोज सकाळी फडकं फिरायचं. झाडांना पाणी दिवसाआड मिळायचं, पण झाडांनी कुठे प्रथम क्रमांक आणला होता?

उद्यानाच्या माळ्याला मात्र झाडं एकशे अकराच आहेत हे पक्कं ठाऊक होतं. तेहतीस वर्षं तो त्यांच्या बुडाशी बसून खुरपत होता. कुठल्या झाडाला कधी कीड लागते, कुठलं झाड उगाच नखरे करतं, हे त्याला स्वतःच्या दाढांइतकं माहीत होतं. पण त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगितलेली गोष्ट कार्यालयात आगाऊपणा या सदरात जाते, हे त्याला पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं.

एक झाड वाढलं कसं, तेही ऐका. गणनेसाठी दोन तुकड्या आल्या होत्या. फाटकाकडच्या तुकडीला एक ते छप्पन्न आकड्यांच्या पत्र्याच्या पाट्या दिलेल्या, तळ्याकडच्या तुकडीला सत्तावन्न ते एकशेबारा. दोघांनीही उद्यानाच्या मधलं सगळ्यात जाडजूड झाड शेवटी ठेवलं, कारण सावली तिथेच होती आणि काम संपल्यावर तिथेच डबा उघडायचा होता. फाटकाची तुकडी सकाळी आली, फाटकाच्या बाजूने छप्पन्नची पाटी ठोकली, जेवली आणि गेली. तळ्याची तुकडी दुपारी आली. त्यांच्याकडे एक पाटी उरलेली. पाटी परत करायची तर 'पाटी का उरली' याचा खुलासा तीन प्रतींत द्यावा लागणार होता. त्यांनी ती तळ्याच्या बाजूने ठोकली.

"साहेब, याला पलीकडून एक पाटी आहे," माळी म्हणाला होता.

"पलीकडचं काम पलीकडच्या तुकडीचं," तुकडीप्रमुख म्हणाले आणि त्यांनी डबा उघडला.

या झाडाला माळी जाडोबा म्हणायचा. सगळ्यांत लाडकं तेच. उन्हाच्या वेळी अर्धं शहर त्याच्याखाली बसलेलं असायचं आणि तरी थोडी सावली उरायची. माळी निवृत्त व्हायला महिना राहिला होता. लांबच्या गावी त्याची लेक बाळंत व्हायची होती, तिच्याकडेच जाऊन राहायचं असं नवराबायकोचं ठरलं होतं. बायकोने तर बोचकी बांधूनही टाकली होती. लेकीच्या अंगणात लावायला म्हणून माळ्याने जाडोबाच्याच बीपासून एक रोप तेलाच्या रिकाम्या डब्यात धरलं होतं. रोप वीतभर झालं होतं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ऐटीत उभं होतं.

असं सगळं नीट चाललेलं असताना तपासणी आली.

तपासणीस मॅडम तरुण होत्या, कामाला चोख होत्या, आणि त्यांच्या फोनमध्ये झाडांची हजेरी घेणारी नवी यंत्रणा होती. झाडाचा आणि पाटीचा फोटो काढला की फोन टुण्ण वाजायचा आणि झाड हजर व्हायचं. दोन दिवस उद्यानभर टुण्ण टुण्ण चाललं होतं. तिसऱ्या दिवशी मॅडम माळ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"काका, एकशेबारा कुठंय?"

"हे काय," माळ्याने जाडोबाच्या अंगावर थाप मारली.

"हे छप्पन्न."

"हो. आणि एकशेबाराही हेच."

मॅडमनी खोडाला वळसा घातला. तळ्याच्या बाजूला पाटी नव्हती. सात वर्षांत जाडोबा वाढला होता आणि वाढता वाढता त्याने ती पाटी सालीत ओढून चक्क गिळून टाकली होती. आता तिथे बेंबीएवढा एक खळगा दिसत होता.

"यात आहे पाटी," माळी म्हणाला.

मॅडमनी खळग्याचा फोटो काढला. फोनने कळवलं, 'हे झाड आधीच हजर आहे.'

"एका झाडाला दोन क्रमांक असतात का, काका?"

"असायला नको होते, मॅडम."

"मग नाहीतच ना," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी अहवाल पाठवून दिला. त्यात लिहिलं होतं, 'वृक्ष क्रमांक ११२, उंची साठ फूट, खोडाचा घेर अकरा फूट दोन इंच, उद्यानात आढळून आला नाही.' वरचे दोन इंच तळ्याकडच्या तुकडीचे होते. जेवण झाल्यावर त्यांनी फीत जरा सैल धरली होती.

अधीक्षकसाहेबांनी माळ्याला बोलावून घेतलं. साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांना फक्त कागदावरच्या गोष्टी चटकन दिसायच्या आणि बाकीच्या जरा वेळाने.

"बसा, माळीबुवा. हे बघा, शक्यता दोनच. एक तर गणना चुकली, नाहीतर झाड चोरीला गेलं. गणना चुकलेली नाही." त्यांनी मान न वळवता अंगठ्याने मागच्या चौकटीकडे खूण केली. "राहिलं काय?"

"साहेब, जरा खिडकीतून बघता का? समोरच दिसतंय ते."

साहेबांनी बघितलं. "ते छप्पन्न."

"तेच एकशेबारा."

"माळीबुवा, निवृत्तीच्या वेळी उद्यान ताब्यात द्यायचं म्हणजे एकशेबारा झाडं मोजून द्यायची. एक जरी कमी भरलं तर मी कार्यमुक्तीच्या पत्रावर सही करू शकत नाही. तुम्ही आमचेच. पण साठ फुटांचं झाड हरवतं म्हणजे काय हो? तुमचं लक्ष कुठे होतं?"

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि हातातली पोळी तव्यावर टाकली. "अहो, माझा चष्मा हरवला तेव्हा चार दिवस बोलत होतात मला. आणि आता तुमचं झाड? तिकडे पोर दिवस मोजतेय." मग नवऱ्याचा चेहरा बघून तिने आवाज खाली आणला. "नीट शोधलंत ना सगळीकडे?"

तेहतीस वर्षांच्या संसारात बायकोनेही कागदाची बाजू घ्यावी, हे माळ्याला लागलं.

एवढ्यात ही बातमी प्रभातफेरी मंडळाच्या कानावर गेली. हे मंडळ रोज सकाळी उद्यानाला एक चक्कर मारायचं आणि मग दोन तास जाडोबाखाली बसून शहराची काळजी करायचं. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक. बोलायला उभे राहिले की समोरचे आपोआप हाताची घडी घालायचे. दुसऱ्याच सकाळी त्यांनी आंदोलन पुकारलं. जागा अर्थातच जाडोबाखालची, कारण शंभर माणसं सावलीत बसतील अशी दुसरी जागा शहरात उरलेली नव्हती. 'आमचं झाड परत द्या' असा फलक तयार झाला आणि चार खिळे मारून जाडोबावरच ठोकण्यात आला.

भाषणं तर अशी झाली की विचारू नका. अध्यक्ष म्हणाले, एकशेबाराची सावली वेगळीच होती, ती अंगाला लागायची नाही, मनाला लागायची. एका बाईंनी सांगितलं की त्या पहिलं पाऊल एकशेबाराखालीच टाकायला शिकल्या. मंडळाचे खजिनदार म्हणाले, माझं लग्न त्या झाडाखाली ठरलं, आणि मग बायकोकडे बघून म्हणाले, पण आज त्याबद्दल काही बोलायचं नाही. बोलता बोलता त्यांना गहिवरून आलं. वरून जाडोबाची दोन पानं त्यांच्या टकलावर पडली, ती त्यांनी झटकून टाकली.

माळ्याला राहवेना. तो अध्यक्षांच्या कानाशी लागला. "अध्यक्षसाहेब, तुम्ही ज्याला पाठ टेकून बसलाय ना, तेच ते."

अध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माळीबुवा, तुमची भावना समजते. पण खोटं सांत्वन नको."

मग सह्यांची मोहीम सुरू झाली. आता त्यासाठी दारोदार हिंडावं लागत नाही. फोनवर एक हिरवा चौकोन यायचा, त्यात झाडाचं चित्र, खाली लिहिलेलं, 'झाड वाचवा. फक्त एक बोट.' बोट ठेवलं की सही झाली. पहिल्या दिवशी चार हजार, तिसऱ्या दिवशी अकरा हजार. ज्यांनी उद्यान कधी पाहिलं नव्हतं त्यांनी जास्त जोराने बोट ठेवलं.

अकरा हजार बोटं म्हटल्यावर वरचं कार्यालय खडबडून जागं झालं आणि त्याने खालच्या कार्यालयाला हुकूम पाठवला, 'पंधरा दिवसांत सदर वृक्ष अथवा सदर वृक्षाचे अवशेष हजर करावेत.'

साहेबांनी तो हुकूम तीनदा वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू पहाट झाली. त्यांनी माळ्याला पुन्हा बोलावलं.

"माळीबुवा, सुटलात तुम्ही. 'अथवा अवशेष' म्हटलंय. म्हणजे बुंधा चालेल."

"कुणाचा बुंधा?"

"अकरा फूट घेराचा पाहिजे. आपल्या उद्यानात तसं एकच झाड आहे." साहेबांनी खिडकीकडे हात केला. "छप्पन्न पाडायचं. बुंधा राहील. तो एकशेबाराचा म्हणून दाखवायचा."

माळ्याने खिडकीबाहेर जाडोबाकडे पाहिलं. "आणि मग छप्पन्न कुठंय म्हणून विचारलं तर?"

"छप्पन्नला कोण विचारतंय? सह्या एकशेबारासाठी आहेत. शिवाय तुम्हीच म्हणत होता ना, दोन्ही झाडं एकच आहेत? बघा, आम्ही तुमचं म्हणणं मान्य केलं." साहेब मनापासून हसले. "गुरुवारी करवत येतेय."

माळी बाहेर येऊन जाडोबाखाली बसला. आंदोलक सकाळपासूनचं उपोषण सोडून सरबत पीत होते. त्यांच्यात बसून तो ढसाढसा रडला. 'बघा, माळ्यालाही झाड गेल्याचं किती दुःख आहे,' असं म्हणून अध्यक्षांनी त्याला सरबत दिलं. माळ्याने ते पिऊन टाकलं, तोंड पुसलं आणि तडक साहेबांच्या खोलीत गेला. आयुष्यात पहिल्यांदाच तो कार्यालयाशी खोटं बोलणार होता, आणि म्हणूनच त्याच्यावर लगेच विश्वास बसला.

"साहेब, एकशेबारा मी नेलं."

"काय?"

"घरी नेलं."

"साठ फुटांचं झाड?"

"हळूहळू नेलं, साहेब."

साहेबांनी कागद पुढे ओढला आणि लिहिलं, 'संबंधिताने सदर वृक्ष टप्प्याटप्प्याने घरी नेल्याचे मान्य केले.' वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

जप्तीचं पथक त्याच दिवशी माळ्याच्या घरी गेलं. पुढे साहेब, मागे तपासणीस मॅडम, त्यांच्यामागे दोर आणि लोखंडी पहारी घेतलेली सहा माणसं. माळ्याच्या बायकोने दार उघडलं तेव्हा तिच्या हाताला पीठ होतं. एवढी माणसं बघून तिला वाटलं, नवऱ्याच्या निरोप समारंभाची आहेत.

"वृक्ष कुठे लपवलाय?" साहेबांनी विचारलं.

माळी त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि त्याने खिडकीकडे बोट दाखवलं. डब्यातल्या रोपाला त्या दिवशीच आठवं पान फुटलं होतं. ते लेकीच्या अंगणासाठी होतं. नातवंड आणि रोप एकदमच वाढतील असा त्याचा बेत होता. बायको काही बोलायला गेली, पण नवऱ्याच्या डोळ्यांत बघून तिने हाताचं पीठ पदराला पुसलं.

"हे?" साहेब म्हणाले.

"हेच."

"अहो, घेर अकरा फूट लिहिलाय."

"चौकशीच्या धास्तीने आक्रसलं असेल, साहेब."

सगळे मॅडमकडे बघू लागले. मॅडमनी रोपाकडे पाहिलं, मग माळ्याकडे पाहिलं. तळ्याच्या बाजूचा तो बेंबीएवढा खळगा त्यांना आठवत असावा. मग त्यांनी फोन रोपाच्या इतका जवळ नेला की चित्रात पानाशिवाय काही मावेना, आणि फोटो काढला. फोनने पानाची जात ओळखली. पान किती मोठं आहे हे विचारायची सोय त्यात नव्हती. टुण्ण वाजलं. एकशेबारा हजर झालं.

'वृक्ष ताब्यात घेतेवेळी संकुचित अवस्थेत होता,' असा पंचनामा झाला. सहा माणसांनी डब्याला दोर बांधला, कारण दोर आणलाच होता, आणि रोप मिरवत उद्यानात नेलं. झाड स्वखुशीने परत केलं म्हणून माळ्याला फक्त ताकीद मिळाली. 'यापुढे कोणताही वृक्ष घरी नेणार नाही' असं त्याने लिहून दिलं. गुरुवारची करवत रद्द झाली. त्या दिवशी माळी जाडोबाला पाणी घालताना गाणं गुणगुणत होता, आणि त्याला गाता येत नाही हे सगळ्या उद्यानाला कळलं.

एकशेबाराच्या पुनरागमनाचा सोहळा दणक्यात झाला. नकाशात एकशेबाराची जागा जिथे दाखवली होती तिथेच त्याला लावणं भाग होतं, आणि ती जागा, आता तुम्हाला सांगायला नकोच, जाडोबाच्या बुंध्यापासून दीड हातावर होती. रोपाभोवती लोखंडी कठडा घातला. कठड्याचा घेर अकरा फूट दोन इंच ठेवला, म्हणजे नोंदीत खाडाखोड नको. मंडळी भर उन्हातून येऊन जाडोबाखाली दाटीवाटीने बसली. अध्यक्षांनी रोपाकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज कापरा झाला. "तेच ते. बघा, तीच पानं." पहिलं पाऊल टाकलेल्या बाई म्हणाल्या, थोडं खराब झालंय तब्येतीनं, पण ओळखता येतंय.

नव्या पाटीसाठी रोपाला खोड नव्हतं, म्हणून ती कठड्याला लावली. पाटी रोपापेक्षा उंच होती.

इथवर येऊन गोष्ट संपली असती तर माळ्याचं आणि आपलं दोघांचंही बरं झालं असतं. पण आठ दिवसांत रोपाचं एक पान पिवळं पडलं. एवढ्या मोठ्या जाडोबाखाली रोपाला ऊन मिळणार कुठून? माळ्याला हे माहीत होतं. त्याने रोप सावलीबाहेर लावायची परवानगी मागितली, तर नकाशा बदलता येत नाही असं उत्तर आलं. मंडळात हाहाकार उडाला. एवढ्या लढ्यानंतर परत मिळवलेलं झाड डोळ्यांदेखत मरतंय म्हणजे काय? ताबडतोब तज्ज्ञ आणण्यात आले. त्यांनी सकाळ, दुपार, संध्याकाळ सावली मोजली आणि निष्कर्ष लेखी दिला, 'वृक्ष क्रमांक ५६ ने वृक्ष क्रमांक ११२ च्या उन्हावर अतिक्रमण केलेले आहे.'

अतिक्रमण म्हटलं की पुढची वाट कार्यालयाला पाठ असते. फक्त लोकांची संमती हवी होती, आणि लोकांनी ती मिळवून द्यायचं मनावर घेतलं.

माळ्याचा शेवटचा दिवस उजाडला. साहेबांनी कार्यमुक्तीचं पत्र हातात ठेवलं, एकशेबारा झाडं मिळाल्याची पोच दिली आणि त्याला मिठी मारली. माळी पत्र खिशात घालून जाडोबाखाली आला. दुपारच्या गाडीने लेकीकडे निघायचं होतं. बायको बोचकी घेऊन बाकावर बसली होती. तेवढ्यात फोन वाजला. लेकीचा निरोप होता, 'बाबा, तुमच्या झाडासाठी मी सही केली. इकडे सगळ्यांना पाठवलंय. शेजारच्यांकडूनही करून घेतली.' खाली हिरवा चौकोन होता.

"मी पण केली हो काल," बायको म्हणाली. "मला वाटलं, बाळाच्या नावाबद्दल विचारतेय."

माळ्याने चौकोन उघडला. वर रोपाचं जवळून काढलेलं चित्र होतं आणि तेच शब्द, 'झाड वाचवा. फक्त एक बोट.' बरंच खाली, बारीक अक्षरात, 'त्यासाठी क्रमांक ५६ हटवण्यास माझी संमती आहे' असं होतं. नाही म्हणायला कुठे बोट ठेवायचं ते त्याने शोध शोध शोधलं. तशी जागा नव्हती. तो धावत साहेबांकडे गेला, तर साहेब प्रेमाने म्हणाले, "माळीबुवा, आता तुम्ही कार्यमुक्त झालात. आता तुम्हाला झाडांची काळजी करता येणार नाही. तुम्ही आता सामान्य नागरिक. सही करा वाटल्यास."

गाडीला अजून वेळ होता. माळी बाकावर बसून सह्यांची यादी वाचू लागला, कुणी ओळखीचं सापडलं तर हातापाया पडून सही मागे घ्यायला लावावी म्हणून. अध्यक्ष होते, खजिनदार होते, पहिलं पाऊल टाकलेल्या बाई होत्या, लेकीचे सगळे शेजारी होते. सगळी भली माणसं, झाडांवर जीव टाकणारी. खूप खाली गेल्यावर एका नावापाशी त्याचं बोट थांबलं.

ते नाव इथे छापणं बरं दिसणार नाही. पण मागच्या आठवड्यात तुमच्या फोनवर एक हिरवा चौकोन आला होता, झाडाचं चित्र असलेला. तुम्ही घाईत होता, आणि चांगल्या मनाने, खालचं न वाचता, तुम्ही त्यावर बोट ठेवलंत. करवत गुरुवारी येणार आहे.